जाणाऱ्याने ठरवायचं

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर ते विचारतील, "का लिहिलंस? तुला कोणी सांगितलं?" आज ते कुठे आहेत मला माहीत नाही, आहेत की नाहीत तेही माहीत नाही. पण त्यांच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी अजूनही तयारी नाही.

बहारीनमध्ये अदलिया भागात एका जुन्या व्हिलात आमचं ऑफिस होतं. इमारतींचे आराखडे काढायचं काम. खाली इंजिनिअर, वर ड्रॉइंग रूम. ते तिथले चीफ ड्राफ्ट्समन आणि मी डॉक्युमेंट कंट्रोलला, म्हणजे आलेलं-गेलेलं प्रत्येक ड्रॉइंग रजिस्टरात चढवणारी बाई. माझा नवरा बँकेत होता. मी घरी बसून कंटाळले म्हणून ही नोकरी धरली आणि पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी चोरायलाच आले आहे.

त्यांच्या जेवणाच्या डब्याला सुतळी बांधलेली असायची, आणि तिची गाठ ते स्वतः मारत. डबा बायकोने भरलेला, गाडीतून आलेला, यांच्याच टेबलाखाली ठेवलेला. तरी दुपारी उघडण्याआधी ते गाठ निरखून बघत. टेबलावरचं कॅलेंडर मुद्दाम एक पान मागे ठेवत. कोणी जाता जाता सरळ केलं, की कोणीतरी टेबलाशी येऊन गेलं हे यांना कळणार. संध्याकाळी गाडी लावली की किलोमीटरचा आकडा डायरीत. शॉर्टवेव्ह रेडिओवर तीन देशांच्या बातम्या ऐकत आणि तिन्ही ठिकाणी एकच बातमी निघाली तर म्हणत, "तिघं मिळालेले आहेत." आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हा निघाल्या तर म्हणत, "बघ, कोणालाच खरं सांगायचं नाही." आता या माणसाला बातमी द्यायची तरी कशी?

सगळ्यात त्रास त्यांच्या एका प्रश्नाचा. "सही कोणाची?" ऑफिसला गुरुवारी सुट्टी आहे म्हटलं, "सही कोणाची?" तिथल्या मराठी मंडळाचं जेवण आहे म्हटलं, "सही कोणाची?" मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, आज माझा वाढदिवस आहे. यावर कोणाची सही आणू?" त्यावर हसले नाहीत. "जन्मदाखल्यावर असेल," म्हणाले.

एक गोष्ट मात्र मानायलाच हवी. अक्षर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ड्रॉइंगवरचे आकडे सगळे एकाच वळणाने काढायचे असतात, कोणाचं कुठलं हे कळूच नये असे. पण ते नुसता चारचा आकडा बघून सांगत, "हा केरळचा पोरगा. चहा पिऊन आल्यावर काढलेला." आणि ते बरोबर निघायचं.

ऑफिसात त्यांच्याबद्दल एक बोलवा होती, आणि ती मीही मानत होते. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी ते खाली मॅनेजरच्या केबिनमध्ये जात, दार लावून घेत आणि दहा मिनिटांनी बाहेर येत. आम्हाला खात्री होती की हे आमच्या चुगल्या करतात. कोण उशिरा आलं, कोण दुसरीकडे नोकरी बघतंय, सगळं खाली पोचत असणार. आमच्यातल्या एकाची रजा नामंजूर झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून ते पाप यांच्याच माथी मारलं. मी तर त्यांच्यासमोर नवऱ्याशी फोनवरसुद्धा बोलत नसे.

खरं काय ते मला इब्राहिमभाईंनी सांगितलं. इब्राहिमभाई दापोलीकडचे, आमच्याकडे प्रिंट काढायच्या मशीनवर होते, बहारीनमध्ये वीस वर्षं काढलेले. म्हणाले, "चुगल्या नाय करत गं तो. पासपोर्ट बगायला जातो."

तेव्हा आम्हा सगळ्यांचेच पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असत. तशी पद्धतच होती तिथे, कोणी फारसं मनाला लावून घेत नसे. हे मात्र दर महिन्याला जाऊन तिजोरी उघडायला लावत, आपला पासपोर्ट हातात घेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटत आणि परत देत. मॅनेजर कंटाळला होता, पण देत होता. मला हसू आलं, आणि आपण उगाच माणसाला काय काय समजलो याची थोडी लाजही वाटली. संशय मात्र गेला नाही. तो त्या ऑफिसच्या हवेतच होता, एसीसारखा.

ते पंचाण्णव साल होतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात मतदान व्हायचं होतं, कॅनडात राहायचं की बाहेर पडून आपला वेगळा देश करायचा यावर. आमच्या ऑफिसात टोरांटोचा एक इंजिनिअर होता, म्हणून चहाच्या वेळी तोच विषय. एरवी भिंतीला कान आहेत असं वागणारे हे गृहस्थ त्या विषयावर मात्र असे पेटायचे की चहा गार व्हायचा.

तो इंजिनिअर म्हणायचा, देश सगळ्यांचा आहे, एका प्रांताने एकट्याने ठरवून कसं चालेल? आम्हालाही विचारायला हवं.

"का?" हे म्हणायचे. "जाणार तो, आणि विचारायचं तुला? नवीन नोकरी धरताना जुन्या साहेबाला विचारतात, तशातली गत झाली."

"पन साहेब," इब्राहिमभाई कप विसळता विसळता बोलले, "आपल्याला विचारायलाच लागतं की. साहेबानं सोडल्याशिवाय इथं दुसरी नोकरी कोन देतो?"

"म्हणून तर म्हणतो! ते चूक आहे!" त्यांनी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की खालून मॅनेजरने जिन्यातून वर बघितलं. मग चहा तसाच टाकून ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

सार्वभौमत्व म्हणजे काय हे मला कॉलेजात नागरिकशास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं आणि मी ते विसरले होते. यांनी मला ते एका ड्रॉइंगवर दाखवलं. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ज्याच्या सहीनंतर दुसरी सही लागत नाही, तो सार्वभौम. बाकी सगळं भाषण. देश असो नाहीतर माणूस, शेवटची सही कोणाची तेवढं बघ."

त्यांची बायको, आमच्या काकू, देवरुखच्या. बहारीनमधल्याच सनद गावी त्यांचं घर होतं, आणि मुलगा पुण्याला हॉस्टेलवर शिकत होता. मंडळाच्या कार्यक्रमाला आल्या की काकू माझ्याशेजारी बसायच्या. बोलणं कमी, ऐकणं जास्त. एकदा त्यांनी मला सहज सांगितलं, पानाला चुना लावावा इतक्या सहज, की त्या तीन वर्षं देवरुखला गेल्या नाहीत. आईच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय, एक डोळा गेला, दुसराही चाललाय, आणि ती निरोप पाठवते की दिसतंय तोवर येऊन जा.

"मग जाऊन या की," मी म्हटलं.

"पासपोर्ट यांच्या ड्रॉवरमध्ये असतो ना," काकू म्हणाल्या. "कुलपात."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि माझं डोकंच फिरलं. दर महिन्याला तिजोरीशी जाऊन स्वतःचा पासपोर्ट चाचपणारा हा माणूस, बायकोचा पासपोर्ट कुलपात ठेवतो!

"अहो, पण का?"

"भाऊ जमिनीच्या हक्कसोडीवर माझी सही घेईल म्हणून. तू गेलीस की चहा पाजून सही घेतील, म्हणतात. त्यांना माझा भरवसा नाही असं नाही गं," काकूंनी पदर सारखा केला. "त्यांना कोणाचाच नाही."

भावाबद्दलचा संशय अगदीच खोटा होता असंही नाही. आपल्याकडे बहिणी माहेरी जातात आणि ओटी भरताना पुढ्यात कागद येतात, हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या मावशीचं तसंच झालं. पण म्हणून तीन वर्षं?

मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी वादसभा असायची. त्या वर्षी यांनीच कॅनडाचा विषय सुचवला. कमिटीचे लोक घाबरले. तिथे सरकारविरुद्ध निदर्शनं चालू होती, बाहेरचे दिवस तेव्हा तंगच होते, रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या दिसायच्या, आणि परदेशात राहून राजकारण करायचं नाही हे आम्हाला पाठ होतं. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "सार्वभौमत्व हा शब्द नको हो. कोणी काही वेगळंच समजायचं." शेवटी फळ्यावर लिहिलं, "एकत्र राहावे की वेगळे व्हावे? (कॅनडाच्या संदर्भात)". कॅनडा एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की वाटावं तिकडचा राजदूत येणार आहे.

शुक्रवारची सकाळ, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल. शेवटच्या रांगेत एक अनोळखी माणूस बसला होता, मिशीवाला, गप्प. कोणी कुजबुजलं की हा गुप्त पोलीस खात्याचा आहे. झालं, सगळा हॉल मान वळवायचा नाही असं ठरवून मान वळवून बघायला लागला. तो कोणाचातरी नागोठण्याहून नुकताच आलेला मेव्हणा होता हे आरतीच्या वेळी कळलं, पण तोपर्यंत दोन वक्त्यांनी नाव मागे घेतलं होतं. उरले दोघे. बाहेर पडण्याच्या हक्काच्या बाजूने हे, आणि विरुद्ध बाजूने माझा नवरा.

नवरा बरा बोलला. देश म्हणजे घर, म्हणाला, चार जणांनी मिळून बांधलेलं. त्यातल्या एकाला वाटलं म्हणून तो आपली भिंत काढून नेऊ शकत नाही, बाकीच्यांच्या डोक्यावर छप्पर पडेल. म्हणून शेवटचा शब्द सगळ्यांचा मिळून. टाळ्या पडल्या.

मग हे उठले. खिशातून कागद काढला, शेवटच्या रांगेकडे बघितलं आणि कागद परत खिशात घातला. "भिंत जात नाही," म्हणाले. "माणूस जातो. भिंतीला विचारायचं नसतं, माणसाला विचारायचं असतं. राहणाऱ्याचा विचार घ्या, त्याच्याशी बोला, भांडा, सगळं करा. पण ठरवायचं जाणाऱ्याने. राहणारा जर म्हणाला की माझ्या परवानगीशिवाय जाता येणार नाही, तर ते एकत्र राहणं नव्हे. ती कोठडी झाली." मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

भाषणं झाली की आमच्याकडे स्टीलचा डबा फिरवायची पद्धत होती. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायचे, नाव न लिहिता. बायकांच्या बाजूला डबा मी फिरवला. बायका बहुधा काही टाकत नसत. काकूंनी ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्याकडे न बघता डब्यात टाकला. म्हणजे तो घरूनच लिहून आणला होता.

यांनी डब्यात हात घातला आणि नेमकी तीच चिठ्ठी वर आली. मोठ्याने वाचली. "जाणाऱ्याचे कागद दुसऱ्याच्या कुलपात असतील, तर जाणाऱ्याने काय करावे?"

हॉलमधल्या निम्म्या पुरुषांचे पासपोर्ट कोणा ना कोणा कंपनीच्या तिजोरीत होते. अध्यक्ष उठून काहीतरी बोलायच्या बेतात होते. यांनी चिठ्ठी उलटीपालटी करून बघितली, शेवटच्या रांगेकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे बघितलं. भित्रा माणूस होता तो. पण त्या दिवशी भ्यायला नाही.

"मागावेत," ते म्हणाले. "सरळ मागावेत. आणि मागितल्यावर चोवीस तासांच्या आत दिलेच पाहिजेत. का पाहिजेत, कशाला पाहिजेत, परत कधी येणार, काही न विचारता. जो कारण विचारतो तो सोबती नव्हे, तो मालक झाला."

काय टाळ्या पडल्या! जन्मात कधी टाळी न वाजवलेली माणसं उभी राहिली. इब्राहिमभाईंनी शिट्टी मारली. माझा नवरा हरला, आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या. मी काकूंकडे बघितलं. त्या शांतपणे पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. "बरं बोलले हं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते चेहरा पांढरा करून. माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले, "तो प्रश्न नव्हता, सापळा होता. कंपनीने कोणालातरी पाठवलं. मी बोललो ते आता खाली पोचलं असेल." चिठ्ठी त्यांनी पारदर्शक फिल्ममध्ये घालून जपून ठेवली होती. मी रजिस्टरात तोंड खुपसलं. चिठ्ठी कोणाची ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे असं त्यांना वाटत होतंच. त्यांना कायम सगळंच वाटायचं, त्यामुळे खरं वाटलेलं कुठलं हे ओळखू येत नसे.

महिना गेला. खालून कोणी काही बोललं नाही, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. आणि मग आमच्या मंडळाच्या हस्तलिखित दिवाळी अंकात या गृहस्थांना अचानक रस उत्पन्न झाला. आम्ही दरवर्षी एक अंक हाताने लिहून काढत असू, चार-पाच सुंदर अक्षरांची माणसं सगळं लिहीत. यांनी कमिटीत ठराव मांडला की यंदा प्रत्येकाने आपलं पान स्वतःच्या हाताने लिहायचं. नवऱ्याने वेगळं, बायकोने वेगळं. "हस्तलिखित म्हणजे ज्याचा हात त्याचंच लिहिणं," म्हणाले. कमिटीला कल्पना फार आवडली. मंडळात जिवंतपणा आला म्हणे. मला लगेच कळलं की हा सगळा चिठ्ठीवाल्याला पकडायचा डाव आहे. आणि संपादक मी! पानं गोळा करायची मी!

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी पानांचा गठ्ठा घेऊन मी सनदला त्यांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ड्रॉइंगचा दिवा लावला होता, भिंग घेतलं होतं, आणि मधोमध फिल्ममधली ती चिठ्ठी. काकू स्वयंपाकघरात चकल्या तळत होत्या. मी गठ्ठ्यातून त्यांचं पान हळूच काढून पर्समध्ये टाकायला गेले. काकू झाऱ्या हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"काढू नकोस गं," त्या म्हणाल्या. "कष्टाने लिहिलंय. वाचू दे की."

आणि स्वतः येऊन त्यांनी ते पान गठ्ठ्यात वर ठेवलं. फणसाच्या सांदणांची कृती होती.

यांनी पद्धतशीर सुरुवात तळापासून केली. पहिले इब्राहिमभाई, आणि शिट्टी मारलेली त्यांनीच, म्हणून जरा जास्त वेळ. मग माझा नवरा. मग मी. माझं पान तर त्यांनी दोनदा बघितलं आणि नाइलाजाने बाजूला ठेवलं. एक एक करत सगळं मंडळ निर्दोष सुटलं, आणि ते शेवटच्या पानाशी आले. भिंग पानावर, मग चिठ्ठीवर. पुन्हा पानावर. 'क'चं पोट, 'र'ची शेपटी. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"हे पान तू लिहिलंस."

"मी लिहिलं," काकू दारातून म्हणाल्या.

"तू? तुझं अक्षर असं आहे?"

"मग कसं असायला हवं होतं?"

ते बघतच राहिले. नुसत्या चाराच्या आकड्यावरून अख्खं ऑफिस ओळखणारा माणूस तो. "इतक्या वर्षांत तू काही लिहिलेलं मी बघितलंच नाही," ते म्हणाले, आणि तेसुद्धा तक्रार केल्यासारखं.

"कुठे लिहायचं होतं? आईला पत्र तुम्ही लिहिता, मी काही भलतंच लिहीन म्हणून. फॉर्म तुम्ही भरता. सामान तुम्ही आणता, यादी नको म्हणता. मी खाली सही करते तेवढीच." काकूंचा आवाज चढला नव्हता. चकल्या करपतील म्हणून त्या आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "चोवीस तास म्हणाला होतात. सहा आठवडे झाले."

"ते कंपनीबद्दल होतं."

"मी कंपनीचं विचारलंच नव्हतं."

"हे तुला हिने शिकवलं!" माझ्याकडे बोट.

"सर, मी नुसता डबा फिरवला," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"तुझा भाऊ सही घेईल," ते काकूंना म्हणाले. आता ते जवळजवळ विनवत होते. "तुला कळत नाही. गोड बोलतील, रडतील, आईला मध्ये घालतील. मी तुझ्याच भल्यासाठी—"

"घेऊ देत नाहीतर न घेऊ देत. सही माझी आहे ना? मी बघीन." आणि मग काकूंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "आईला मी दिसायला हवी आहे हो. मला जमिनीचं काही नाही. तिला माझं तोंड दिसायला हवंय, एवढंच आहे."

ते उठून आतल्या खोलीत गेले. किल्ल्यांचा आवाज आला आणि मग कितीतरी वेळ काहीच आवाज नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, बोटांना चकलीचं पीठ तसंच. माझ्या मनात पक्कं होतं की हा माणूस काहीतरी निमित्त काढून रिकाम्या हाताने येणार.

ते पासपोर्ट घेऊन आले, आणि एक कागदही. स्वतःच्या सुबक अक्षरात त्यांनी पोच लिहिली होती. 'पासपोर्ट मिळाला. पाने सर्व जागेवर आहेत.' खाली सहीला रेघ. काकूंनी पेन मागितलं, सही केली, आणि तारीख घालायची राहिली होती ती स्वतःहून घातली. यांनी तो कागद उचलला आणि काकूंच्या त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला, आणि दयाही आली. दोन्ही खरं आहे.

काकू दिवाळीला देवरुखला गेल्या.

आठवड्याभराने कॅनडाचा निकाल लागला. राहायचं ठरलं, पण अगदी केसाएवढ्या फरकाने. टोरांटोवाल्याने ऑफिसात केक आणला. सगळ्यांनी खाल्ला, यांनी घेतला नाही. इब्राहिमभाई म्हणाले, "काय साहेब, तुमची पार्टी हरली." ते म्हणाले, "हरली कुठे? त्यांना विचारलं तर खरं. विचारल्यावर राहिले." आणि वर चढून गेले. डब्यात त्या दिवशी ब्रेड आणि दोन उकडलेली अंडी होती. सुतळी नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी ते माझ्या टेबलापाशी घुटमळायचे. "तुला काही कळलं?" मी नाही म्हणायचे. खरं तर काकूंचं एक पत्र मला आलं होतं. आईने पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात नेऊन तोंड बघितलं, म्हणाली गाल बसले तुझे, असं काहीबाही. भावाबद्दल एक ओळही नव्हती. पत्र यांना दाखवायला काय हरकत होती? पण मी दाखवलं नाही. त्यांच्या संगतीत मीही तशीच झाले होते. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की तिथला रहिवासाचा व्हिसा जातो, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, जणू मी काकूंना कळवणार आहे. "येईल ना ती?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी वाट बघत होते विचारतील म्हणून. विचारलं असतं तरी मला माहीत नव्हतं.

जानेवारीत काकू आल्या. यांची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून माझ्या नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही तिघं दुपारी मुहर्रकला विमानतळावर गेलो. बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ते असे बघत होते, की जणू त्यानेच काकूंना मागे अडकवून ठेवलंय. लोक संपत आले. मग काकू दिसल्या, जरा सावळलेल्या, एका हातात मोठी बॅग ओढत आणि दुसऱ्या हातात पासपोर्ट.

ते पुढे झाले. कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. सवयीने हात पुढे केला, पासपोर्ट घ्यायला, आणि हळूच विचारलं, "सही केलीस?"

काकूंनी त्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलं. पर्स उघडली, पासपोर्ट आत ठेवला, चेन लावली. मग बॅगेचा पट्टा त्यांच्या हातात दिला.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. "जड आहे."

त्यांनी बॅग घेतली. दोन पावलं चालले, थांबले, आणि वळून माझ्याकडे असं बघितलं, की जणू हेही मीच शिकवून पाठवलं होतं.